आजोबा फ्रेंच ऐकतात

मी बी.ए.ला फ्रेंच घेतलं तेव्हा घरात सगळ्यांनी नाकं मुरडली. आजोबांनी तेवढी नाही, कारण त्यांनी कानातलं यंत्र काढून ठेवलं होतं. घरात कोणी बोलायला लागलं की ते काढतातच. मी फ्रेंच मोठ्यानं वाचायला बसले की मात्र यंत्र शोधून लावतात आणि मान डोलावत ऐकतात.

परवा न राहवून विचारलं, "आजोबा, कळतं का काही?"

"एक अक्षर नाही," ते म्हणाले. "पण या भाषेत मला कोणी गोळ्या घ्या, मीठ कमी खा, असं म्हणत नाही."

आईनं स्वयंपाकघरातून ते ऐकलं. "काय गं, 'गोळ्या घ्या'ला फ्रेंचमध्ये काय म्हणतात?"

मी शेवटच्या वर्षाला आहे. तरी म्हटलं, "ते अजून शिकवलेलं नाही आम्हाला."