पंधरा शब्द

ताईचा धाकटा भाऊ विद्यापीठात मानसशास्त्र शिकवायचा. म्हाताऱ्या माणसांची स्मरणशक्ती हा त्याचा विषय. स्वतःची छत्री मात्र हा विद्वान दर भेटीत ताईकडे विसरून जायचा, आणि ताई ती दारासमोरच्या खुंटीला टांगायची. येणाऱ्याजाणाऱ्याने विचारावं, आणि आपण सांगावं, एवढ्याचसाठी.

त्या शनिवारी प्रोफेसरसाहेब एकटे आले नाहीत. सोबत विद्यापीठाच्या बातमीपत्रातली एक बाई होती, गळ्यात कॅमेरा अडकवलेली. ‘ओळख आपल्या प्राध्यापकांची’ या सदरासाठी तिला सरांचं काम आणि आवडीनिवडी जाणून घ्यायच्या होत्या. काम प्रत्यक्ष बघायचं होतं. प्रत्यक्ष म्हणजे आईवर.

“छंद काय काय, सर?”

“वाचन, भटकंती,” भाऊ म्हणाला, “आणि आईशी गप्पा.”

कुणाच्या तरी पँटची उंची कमी करत बसलेल्या ताईने दातांनी दोरा तोडला. आईशी गप्पा! तीन महिन्यांतून एकदा येऊन हा पंधरा शब्द वाचणार, आईने ते ऐकून परत म्हणायचे, किती जमले ते हा कागदावर लिहिणार आणि चालू लागणार. याला गप्पा म्हणतात हे तिला आजच कळत होतं.

गेल्या खेपेला आईला चारच जमले होते. चपला घालता घालता तो म्हणाला होता, “ताई, पुढच्या वेळी याच्याही खाली गेलं तर आईला वृद्धाश्रमात ठेवू या. तुला एकटीला नाही झेपायचं.” आठ वर्षं कोण झेपवत होतं मग? पण आईने ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी तिने आपले कपडे एका पिशवीत भरले आणि पिशवी पलंगाखाली सरकवून ठेवली. कितीही समजावलं तरी ती काढू देईना.

नशीब एवढंच, की त्या दिवशी साहेब छत्रीबरोबर शब्दांची यादीही विसरून गेले होते. ती काही ताईने खुंटीला टांगली नाही. तीन महिने रोज दुपारी आई जुन्या कपड्यांची शिलाई उसवायची आणि ताई तिच्याकडून घोकून घ्यायची. दोरी, कबूतर, शिडी, साबण, आरसा. सुरुवातीला शिडीपाशी गाडी अडायची. आता आई झोपेतून उठवलं तरी धडाधड म्हणायची.

भाऊ आईसमोर खुर्ची ओढून बसला. बाईने कॅमेरा सरसावला आणि चांगला कोन शोधत गुडघ्यांवर रांगू लागली.

“पेटी,” भावाने वाचलं. “वारा. कुलूप. चमचा...”

ताईने हातातली सुई खाली ठेवली. यादी वेगळी होती. ऐकणाऱ्याला पाठ होऊ नये म्हणून तो दर वेळी यादी बदलत असणार, आणि हे तिच्या टाळक्यात कधी शिरलंच नव्हतं. शिरणार कसं? तो वाचायला लागला की त्याचा आवाज नको म्हणून ती मुद्दाम मशीन जोरात चालवायची. भावाची अक्कल काढता काढता तिने स्वतःचीच काढून घेतली होती.

भाऊ थांबला. आई ताठ बसली, पदर सारखा केला.

“दोरी, कबूतर, शिडी, साबण, आरसा...” पंधराच्या पंधरा, ओळीने, न अडखळता. मग ती कशीबशी वाकली, पलंगाखालची पिशवी ओढून तिने मांडीवर घेतली आणि लेकाला विचारलं, “बरोबर ना रे सगळं? मग ही रिकामी करू?”

भावाने पिशवीकडे पाहिलं. आत घडी केलेल्या साड्या, वर कंगवा, चष्म्याची डबी. त्याने ताईकडे पाहिलं. ताईने मान खाली घातली.

“किती आले, सर?” जमिनीवरून बाईने विचारलं. दोन्ही याद्यांतला एक शब्दही तिच्या कानात शिरला नव्हता.

“पंधरा,” भाऊ म्हणाला, आणि कागदावर तसंच लिहिलं.

बाईने टाळ्या वाजवल्या. मथळा मिळाला म्हणून खूश होऊन ती पुढे जिना उतरून गेली.

दारात ताई हळूच म्हणाली, “एकही बरोबर नव्हता.”

“माहितेय.”

“मग? प्रोफेसर ना तू?”

“पिशवी कधी भरलीन तिने?”

“तू गेलास त्याच्या दुसऱ्या दिवशी.”

त्याने चपला पायात सरकवल्या. “पुढच्या वेळी दोरी-कबूतरच वाचतो,” तो म्हणाला आणि घाईघाईने उतरून गेला.

छत्री याही वेळी खुंटीवरच राहिली. शिकून शिकून एवढं झालं, पण छत्री काही लक्षात राहत नाही, असं ताई सवयीने पुटपुटली. मग तिने ती खुंटीवरून काढली, आणि आई कपाटात साड्या परत लावत होती तिथे, एका कोपऱ्यात ठेवून दिली.