गावपळणीतली शाळा

यशोदा गेली हे महादूला कळलं, तेव्हा त्याच्या हातात शाळेच्या खिचडीचा डाव होता. ओरोसच्या हॉस्पिटलातून मेहुणीचा फोन आला. त्याने ऐकून घेतलं, फोन खिशात टाकला आणि पोरांना वाढायला लागला. ताटं पुढे आली होती. पोरांना उपाशी ठेवून रडत कुठे बसणार?

ओमकार म्हणाला, "काका, आज मीठ नाय."

महादू आत गेला, मीठ आणलं, ढवळलं, पुन्हा वाढलं. सगळ्यांचं जेवून झाल्यावर तो रसिकाबाईंपाशी गेला. त्या शाळेच्या एकट्या शिक्षिका. म्हणाला, "बाई, माका ओरोसाक जावक होया. यशोदा गेली."

यशोदा मांडवखोलच्या मराठी शाळेत पोषण आहार शिजवायची. महादू मूळचा गवंडी. ती आजारी पडली म्हणून थोडे दिवस त्याने डाव हातात घेतला होता. बारावं झाल्यावर तो पुन्हा तिथेच येऊन उभा राहिला. घरी बसून तरी काय करणार? शाळेत निदान कोणीतरी मीठ नाही म्हणून सांगायचं.

शाळेची किचनशेड चिऱ्यांची, पक्की. पण बांधणाऱ्याने तिला खिडकीच ठेवली नव्हती. सगळा धूर आत. यशोदा डोळे पुसत खोकायची आणि म्हणायची, "तुमी गवंडी ना ओ? मगे एक खिडकी पाडूक काय होता?" महादूने एकदा मापं घेऊन भिंतीवर गेरूने चौकटही आखली होती. पण भिंत जिल्हा परिषदेची. परवानगीशिवाय छिन्नी लावता येत नाही. ती चौकट भिंतीवर तशीच राहिली होती, आणि महादू रोज तिच्याकडे बघत खिचडी ढवळायचा.

मार्गशीर्ष लागला आणि दोन बातम्या एकदमच आल्या.

पहिली रसिकाबाईंनी आणली. पट कमी म्हणून शाळा बंद करायचं घाटत होतं. मंगळवारी विस्तार अधिकारी येऊन पोरं मोजणार, आणि मग मांडवखोलची शाळा हायवेपलीकडच्या मोठ्या शाळेत मिसळणार. पट कमी नसता तरच नवल. निम्मी घरं मुंबईला, आणि उरलेल्यांतली बरीच पोरं पिवळ्या व्हॅनमधून इंग्रजी शाळेत. राहिली नऊ. त्यातल्या पहिलीच्या दोघांना हायवे ओलांडून कोण नेणार? त्यांच्या आयांनी सरळ सांगितलं होतं, ही शाळा गेली तर पोरं घरात.

महादूने विचारलं, "आणि किचनशेड?"

"तिला कुलूप."

दुसरी बातमी देवळातून आली. रवळनाथाने कौल दिला. सोमवारपासून गावपळण.

दर काही वर्षांनी कौल मिळाला की मांडवखोलचं अख्खं गाव तीन रात्रींसाठी वेशीबाहेर जातं. माणसं, गुरं, कोंबडे, कुत्री, मांजरं. गावात एक जीव मागे ठेवायचा नाही. त्या दिवसांत गाव देवाचं. परतीचा कौल मिळेपर्यंत आत पाऊल टाकायचं नाही. लोक या दिवसांची वाट बघत असतात. मुंबईकर गणपतीला एक वेळ यायचे नाहीत, पण गावपळणीला रजा काढून येतात.

रसिकाबाई देवळात धावल्या. देवळाचे मानकरी, गावकार हरिश्चंद्र, म्हणजे सगळ्यांचे हरीदादा, पायरीवर पान खात बसले होते.

"दादा, साहेब मंगळवारी येणार. शाळेला कुलूप दिसलं की ते लिहून मोकळे होतील."

"मगे आता देवाक तारीख बदलूक सांगू, बाई?"

बाईंनी तिथूनच ऑफिसला फोन लावला. कार्यक्रम तालुक्याचा ठरलेला आहे, बदलणार नाही, असं उत्तर आलं. देव हलेना, ऑफिस हलेना. बाई फोन हातात धरून मधे उभ्या.

महादू मागे उभा होता. तो म्हणाला, "मगे शाळाच घेवन जावया."

सगळे त्याच्याकडे बघायला लागले.

"गुरां नेतत, कोंबडे नेतत. शाळेत पोरां आसत. पोरांक जीव नाय?"

हरीदादांनी पान एका गालातून दुसऱ्या गालात सरकवलं. "तुजी बायल गेल्यापासून पयल्यांदा बोललंस, ता पण असला," ते म्हणाले. "पण खोटा नाय."

सोमवारी सकाळी ढोल वाजला आणि शाळा निघाली. फळा दोघांच्या खांद्यावर, टीव्ही घोंगडीत गुंडाळून बैलगाडीत, पृथ्वीचा गोल ओमकारच्या डोक्यावर. त्यामागे टोप, पराती, तांदळाची गोणी आणि महादू. हरीदादा दाराशी उभे राहून काही जिवंत मागे राहत नाही ना हे बघत होते. त्यांनी एका पातेल्यावरचं फडकं उचललं.

"ह्या काय?"

"मटकी. भिजत घातलंय पोरांसाठी."

"मोड इले?"

"इले."

"मगे जीव आसा. उचल."

महादूने पातेलं उचललं. तेवढ्यात कोणीतरी विचारलं, "मगे विरजणाचा काय?" झालं. अर्धं गाव म्हणे विरजणात जीव असतो, अर्धं म्हणे नसतो. म्हाताऱ्या एका बाजूला, कॉलेजची पोरं दुसऱ्या बाजूला, ढोलवाला मधेच वाजवतोय. वाद मिटेना, तेव्हा सगळ्यांनी मिळून दह्याचं ताक केलं आणि पिऊन टाकलं. या गडबडीत शाळेची घंटा पडवीत टांगलेलीच राहिली. आठवली तेव्हा सगळे वेशीवरच्या व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, पाण्यातून पलीकडे गेले होते. आता परत जायची सोय नव्हती.

व्हाळापलीकडे धामापूरच्या बाजूला मळा आहे. तिथे माडाच्या विणलेल्या झापांच्या खोपी पडल्या. चुली पेटल्या, कोंबडे एकमेकांशी भांडले, बायकांनी फुगड्या धरल्या. काजूच्या झाडाला फळा टेकवला आणि रसिकाबाईंनी हजेरी घेतली.

पिवळी व्हॅन मळ्यापर्यंत येऊ शकत नव्हती. त्यामुळे इंग्रजी शाळेची पोरं मोकाट. मुंबईहून आलेली पोरं मोकाट. आधी ती लांबून बघत होती. बाईंनी खोप म्हणजे दुकान, काजूच्या बिया म्हणजे पैसे असा बाजार मांडला, तेव्हा ती एकेक करून गिऱ्हाईक म्हणून आत शिरली आणि बाहेर आलीच नाहीत.

शर्मिलाची संचिता सगळ्यात शेवटी आली. गावातून व्हॅनमध्ये पोर घालणारी पहिली आई म्हणजे शर्मिला. ती संचिताशी घरातसुद्धा मालवणी बोलायची नाही. "संचिता, तिकडे धुळीत बसू नकोस," ती खोपीतून ओरडली.

"आई, थांब गो," संचिता म्हणाली. "हेनी माका सुट्टे देवक नाय."

शर्मिला उठून गेली ती पोरीला उचलायलाच. पण तिथे पोचली आणि उभीच राहिली. संचिता बाईंना विचारत होती, दुकानदाराने दोनदा फसवलं तर किती बिया जास्त गेल्या. पोर बसल्या जागी प्रश्नावर प्रश्न विचारत होती. घरी इंग्रजी कविता घडाघडा म्हणायची, पण तिने कधी काही विचारल्याचं शर्मिलाला आठवेना. ती चुलीपाशी आली आणि महादूला उगाचच म्हणाली, "व्हॅनमध्ये ती रोज ओकते, काका."

महादूने तिच्या हातात पळी दिली. "मोडांक फोडणी घाल."

मंगळवारी सकाळी ओमकार झाडावरून ओरडला, "गाडी इली."

विस्तार अधिकारी सुदेशसाहेबांची जीप दूर व्हाळापलीकडे, रिकाम्या गावात शिरली होती. साहेब गावात नवे. मळ्याच्या चढावरून सगळं स्पष्ट दिसत होतं. साहेब उतरले, शाळेचं कुलूप हलवून बघितलं, इकडे तिकडे पाहिलं. ना माणूस, ना कुत्रं. खिशातून पेन काढलं.

"लिवता हा तो," हरीदादा म्हणाले.

सगळं गाव काठावर धावलं. पण पाण्यात पाय टाकायला कोणी धजेना. पलीकडे गेलं की देवाची वेस मोडली. माणसं हाका मारायला लागली, बायका पदर हलवायला लागल्या, मधे झाडं आणि वारा उलटा. साहेबांना काही ऐकू जाईना. घंटा तर त्यांच्या डोक्यावरच टांगलेली.

"बाई, पाडे," महादू म्हणाला. "पोरांका पाडे बोलूक सांगा. जोरान."

बाईंनी हात वर केला. "बे एके बे."

नऊ पोरं सुरू झाली. मग व्हॅनची पोरं. त्यांना पाढे येत नव्हते, पण ओरडता येत होतं. मग मुंबईची पोरं, मग त्यांचे बाप, ज्यांना लहानपणीचे पाढे अचानक आठवले. म्हाताऱ्यांनी टाळ्यांवर ताल धरला, ढोलवाल्याने ठेका पकडला. बे दुणे चार म्हणताना झाडावरची माकडंसुद्धा पळाली. महादू पोट धरून हसायला लागला. हसता हसता बाजूला वळला, यशोदाला सांगायला. बाजूला टोप होता. त्याने तोंड पुसलं आणि पुन्हा ओरडायला लागला.

पलीकडे साहेबांनी पेन थांबवलं. ओस गावात, कुलूप लावलेल्या शाळेसमोर उभं राहून त्यांना शाळा भरल्याचा आवाज ऐकू येत होता. त्यांचा ड्रायव्हर शिवा इकडचाच. त्याला आवाज कुठून येतो ते कळलं होतं, पण गाव गावपळणीत आहे हेही आत्ताच कळलं होतं. तो जीपमध्ये बसून म्हणाला, "सायब, ह्या दिवसांत हयसर रवाचा नाय. चला."

साहेब पँट गुडघ्यापर्यंत वर करून, बूट हातात धरून व्हाळ ओलांडून आले. घामाने डबडबले होते.

"शाळा कुठे आहे?"

"ही काय," हरीदादांनी काजूचं झाड दाखवलं. "बसा. ताक होता, पण ता काल संपला."

साहेबांनी मोजायला सुरुवात केली आणि त्यांच्या भुवया वर चढत गेल्या. सगळं गाव भोवती उभं. हरीदादांनी बाईंना डोळ्याने खुणावलं, बोलू नका. महादूच्या मनातही तेच होतं. एक शब्द बोलायचा नाही, की शाळा राहिली, डाव राहिला, ती भिंत राहिली.

रसिकाबाई म्हणाल्या, "साहेब, आमची नऊ आहेत. बाकीची पाहुणी."

कोणीतरी मागे कपाळावर हात मारला. साहेबांनी वही मिटली. ते तिथेच खाली बसलेल्या संचिताकडे वाकले. "तुझी शाळा कोणती?"

"ही."

"आज इथे बसलीस म्हणून?"

"नाय. हीच."

सगळ्यांनी शर्मिलाकडे बघितलं. शर्मिला पळी हातात धरून उभी होती. एवढ्या माणसांत तिला शुद्ध मराठी सुचेना. "काय बगतास?" ती म्हणाली. "चेडू खोटा बोलता काय? सोमवारी नाव घालतंय तिचा."

मग तिच्या शेजारणीलाही आपला पोरगा व्हॅनमध्ये ओकतो हे आठवलं. साहेब म्हणाले, "मी आज नऊच लिहिणार. सोमवारी नावं वाढली तर त्याप्रमाणे पुढे कळवतो. एवढंच माझ्या हातात." ते काठावर गेले आणि उसळीचा वास आला म्हणून परत फिरले. महादूने त्यांना उसळभात वाढला. साहेब दोन घास खाऊन म्हणाले, "मीठ जरा..."

"पोरां पण तसाच म्हणतत," महादू म्हणाला आणि मीठ आणायला गेला.

परतीचा कौल मिळाला, गाव गावात आलं. सोमवारी शर्मिला संचिताला घेऊन आली, मागून आणखी चार आया. व्हॅनची बाकीची पोरं व्हॅनमध्येच राहिली. मुंबईकर मुंबईला गेले. महिन्याभराने ऑफिसचा निरोप आला: शाळा या वर्षापुरती चालू ठेवावी. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी.

त्या दिवशी महादूने मीठ दोनदा घातलं. पोरांनी ताटं रिकामी केली तरी खारट झालं हे सांगितलंच. मग रसिकाबाईंनी खिडकीच्या परवानगीचा अर्ज लिहिला, महादूने खाली सही केली आणि तो एसटीने ओरोसला जिल्हा परिषदेत देऊन आला. अजून उत्तर आलेलं नाही. छिन्नी आणि हातोडा किचनशेडच्या दाराशी ठेवलेले आहेत, गेरूची चौकट भिंतीवर आहे. खिडकी पाडायची राहिली आहे.