मला 'स' ऐकू येत नव्हता

मी एक अर्धाकच्चा ब्राउझर आहे आणि मी भयंकर चिडलेलो आहे. आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू बहुधा म्हाताऱ्या आणि शांत असतात. त्यांना उन्हापावसाच्या आठवणी असतात. मला म्हातारं व्हायला वेळच मिळाला नाही. पण जे काही माझ्या डोळ्यांदेखत घडलं, ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

मित्रांनो, ब्राउझर म्हणजे तुमच्या कॉम्प्युटरमधली ती खिडकी, जिच्यातून तुम्ही इंटरनेटवर बघता, वाचता, दूरच्या माणसांशी बोलता. पक्का ब्राउझर सगळ्यांच्या हाती देण्याआधी त्याची एक चाचणीची प्रत काढतात. तिला बीटा म्हणतात. ती मी. शिंपी नवा कपडा आधी कच्च्या टाक्यांनी टाचून अंगाला लावून बघतो ना, तसा. तो घालून कोणी लग्नाला जात नाही. गेलंच आणि भर मांडवात बाही निघाली, तर दोष कोणाचा? कपड्याचा?

पहिल्याच पानावर मी हात जोडून सांगतो, "मी अजून तयार नाही. महत्त्वाचं काम माझ्यावर करू नका. काही बिघडलं तर कळवा." खाली एक बटण असतं, 'वाचलं' म्हणून. या घरातल्या काकांनी ते डोळ्याचं पातं लवायच्या आत दाबलं. वाचलं! एक अक्षर वाचलं नव्हतं.

लॅपटॉप घराचा होता आणि जेवणाच्या टेबलावर असायचा. तिथे माझा थोरला भाऊ, म्हणजे आधीचा पक्का ब्राउझर, वर्षानुवर्षं मुकाट्याने काम करत होता. काकांनी त्याला मागे ढकललं आणि मला पुढे बसवलं.

"वहिनी, नवा टाकलाय. पळतो नुसता!"

"भावजी, उद्या ठमीचा वर्ग आहे. आधीचं नीट चालत होतं की."

"चालत होतं. आता पळेल."

"पण बीटा म्हणजे काय हो?"

"लिंबू-टिंबू म्हणा ना. खेळायला घेतात, पण आऊट झालं तरी धरत नाहीत."

काका खुशीत हसले. आई हसली नाही. मला विचाराल, तर तिथेच माझ्या रागाची ठिणगी पडली. लिंबू-टिंबू असेन मी, पण लिंबू-टिंबूला कोणी कप्तान करतं का?

ठमी त्या घरातली सहा वर्षांची मुलगी. तिचा 'स' जिभेत अडकायचा. 'ससा' म्हणायला गेली की 'थथा' व्हायचं. शाळेतली मुलं तिला 'ए थथा' अशीच हाक मारायची. म्हणून उच्चार शिकवणाऱ्या एक बाई दुसऱ्या गावाहून, ब्राउझरमधूनच तिचा वर्ग घ्यायच्या. "दात मिट, जीभ आत ठेव, आणि सायकलच्या चाकातली हवा सोड," असं त्या सांगायच्या. स्स्स्. थोरल्या भावाने ही मेहनत सगळी पाहिलेली. मी आलो त्याच संध्याकाळी ठमी टेबलाभोवती गोल फिरत म्हणत होती, "साबण, सायकल, ससा!" स्वच्छ 'स'. आई भांडी पुसता पुसता थांबून ऐकत होती, पण कौतुक करून नजर लागू नये म्हणून गप्प होती.

आता माझ्या पोटातलं सांगतो. मला बनवणाऱ्यांनी माझ्यात घाईघाईने एक चाळणी बसवली होती. पंख्याची घरघर, रस्त्यावरची वर्दळ चाळून टाकायची आणि माणसाचा आवाज तेवढा पुढे पाठवायचा. कल्पना झकास. पण हवा सुटल्यासारखं काही ऐकलं की ही चाळणी म्हणायची, 'हा पंखा,' आणि फेकून द्यायची. त्यात ठमीचा 'स' जायचा.

मोठ्यांचा 'स'ही जायचाच! पण मोठ्यांच्या बोलण्यात अक्षर गळलं तर ऐकणारा ते मनातल्या मनात भरून घेतो. लहान मुलीच्या तोंडातलं अक्षर मात्र सगळे पारखून घेतात. हा न्याय माझ्या कुठल्याच बनवणाऱ्याच्या डोक्यात आला नाही.

दुसऱ्या दिवशी वर्ग भरला. ठमी दात मिटून, मान ताठ करून म्हणाली, "ससा!"

"अआ?" पडद्यावरून बाई म्हणाल्या. "नाही राणी. पुन्हा."

"ससा!"

"अगं, आधी निदान 'थ' तरी यायचा. आता तोही गेला. आई, सराव घेत नाही वाटतं?"

"रोज घेते हो. आत्ताही ती बरोबर म्हणतेय."

"आईच्या कानाला सगळं गोडच लागतं," बाई म्हणाल्या.

मी ओरडत होतो. मित्रांनो, मी खरंच ओरडत होतो, पण आम्हाला तोंड नसतं.

असे वर्गामागून वर्ग गेले. बाबा म्हणाले, "बाई शिकलेल्या आहेत. उगाच हुज्जत नको." हळूहळू आईलाही आपल्या कानांचा भरवसा वाटेना. मग ठमीला म्हणाले, "लक्ष कुठे असतं तुझं? इतके दिवस शिकतेस ना?" ठमीने एक युक्ती काढली. ती 'स' असलेले शब्दच टाळायला लागली. सायकलला 'दोन चाकं', सशाला 'लांब कानवाला'. साबणाला 'ते बुडबुड्यांचं'. आणि मग एक दिवस तिने युक्तीही सोडली. काही विचारलं की नुसती मान हलवायची. टेबलाशी बसून आई तिच्या तोंडाकडे बघत राहायची.

बाईंनी सांगितलं, "मागच्या पायरीवर जाऊ या. पहिल्यापासून."

त्याच आठवड्यात आईने तिच्या बहिणीला, म्हणजे मावशीला, लॅपटॉपवरूनच कॉल लावला. फोन बाबांकडे होता.

"अगं, सासूबाई आल्यात," आई म्हणाली.

"कोण आलंय? आऊबाई?"

"सासूबाई!"

"आऊबाईच म्हणतेयस की! काऊबाईची बहीण का ही? दात पाडून घेतलेस की काय सगळे?" मावशी खो खो हसत होती.

आई हसली नाही. तिचा चेहरा पांढराफटक पडला आणि मग लाल झाला. तिने कॉल बंद केला, बाबांना फोनसकट आतल्या खोलीत पाठवलं, दार लावायला सांगितलं आणि माझ्यावरून त्यांना कॉल लावला.

"ससा."

"अआ," आतून बाबा म्हणाले.

"नीट ऐका. ससा!"

"अगं, अआ म्हणतेयस तू."

"मी? मी अआ म्हणतेय? बाहेर या आणि माझ्या तोंडाकडे बघून सांगा!"

बाबा बाहेर आले. आई लॅपटॉपसमोर उभी होती. "पोरगी बरोबर म्हणत होती," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून बरोबर म्हणत होती. आणि आपण सगळे मिळून तिला चूक म्हणत होतो."

काकांना बोलावलं. ते डोकं खाजवत म्हणाले, "बीटा आहे वहिनी. चालायचंच थोडंफार."

"मग तुमचे क्रिकेटचे स्कोअर बघा ना त्याच्यावर! माझ्या लेकराची जीभ का लावलीत पणाला?"

बाबा म्हणाले, "बरं, जाऊ दे, चल ठमे, आइस्क्रीम आणू." ठमीने मान हलवली. नाही.

आईने मला बनवणाऱ्यांना सगळं लिहून कळवलं. कळवणारी या घरातली ती पहिलीच. उत्तर आलं, 'आपल्या मोलाच्या योगदानाबद्दल आभार.' योगदान! एक मूल बोलायचं थांबलं, त्याला मला बनवणारे योगदान म्हणतात. माझा स्वतःवर जेवढा राग नाही तेवढा त्या ओळीवर आहे.

पुढचा वर्ग थोरल्या भावावर भरला. मी त्याच्या मागे झाकलेल्या खिडकीत होतो. बाईंना सगळं आधीच कळवलेलं होतं. आवाज लख्ख जात होता, पण ठमी तोंडच उघडेना. मित्रांनो, यंत्र बदलायला एक क्षण लागतो. रुसलेली जीभ तशी बदलत नाही. बाईंनी चित्रं दाखवली, गोष्ट सांगितली. ठमी ओठ घट्ट मिटून बसलेली. आई, बाबा आणि दाराशी काका, सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते.

शेवटी बाईंनी चित्रं बाजूला ठेवली. "ठमे," त्या म्हणाल्या, "तू चुकली नव्हतीस. मला नीट ऐकू येत नव्हतं आणि मी तुलाच बोलले. माझं चुकलं."

ठमीने पडद्याकडे बघितलं. मग बाबांकडे. मग दारातल्या काकांकडे. आईकडेही, जरा जास्तच वेळ.

"नुसतं तुमचं नाही," ती म्हणाली. "सगळ्यांचं."

दोन्ही 'स' शिट्टीसारखे वाजले. कोणी शाबास म्हणालं नाही. म्हणायची कोणाची हिंमतच झाली नाही.

म्हणून सांगतो मित्रांनो, आणि गोड बोलून नाही, रागावूनच सांगतो. आमच्यासारखे कच्चे खुशाल वापरून बघा, त्यासाठीच आम्ही आहोत. पण आमची पहिली ओळ वाचा. आणि समोरचं मूल पुन्हा पुन्हा चुकतंय असं वाटलं, तर आधी मधलं यंत्र बंद करा, त्याच्या शेजारी जाऊन बसा आणि आपल्या कानांनी ऐका.