अंधार पडल्यावर पोचू

तात्यांनी गाडीच्या टपावर बसवलेलं लोखंडी कॅरिअर दोन्ही हातांनी धरून हलवलं. ते घट्ट होतं. मग ते रूपेशकडे वळले.

"हे कशापायी?"

"केदारभाऊंनी बसवायला लावलं. सामान जास्ती हाय म्हणाले."

"रजेवर येणारा माणूस टपावर काय ठेवणार? विमान?"

रूपेश हसला. तो सालवडचा, दोन पोरांचा बाप. कारखान्याची नोकरी सोडून आता स्वतःची गाडी भाड्याने चालवायचा. माणूस चांगला होता, पण पोटात काही राहत नसे, आणि तात्यांना नेमकं तेच हवं होतं. त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, आणि रूपेशने सगळंच सांगून टाकलं. विमान मुंबईला दुपारी उतरणार. पण हायवेने सरळ यायचं नाही. भिवंडीवरून वाडा, तिथून मनोर, असा लांबचा फेरा घ्यायचा. मध्ये खायला थांबायचं. घाई अजिबात करायची नाही.

"अंधार पडल्यावर पोचू, असं बोलले," रूपेश म्हणाला. "तुमाला सांगितलं नाय का?"

"सांगितलं ना," तात्या म्हणाले आणि वाडीकडे वळले.

कुणीही सांगितलं नव्हतं. मुळात तात्यांचा विश्वास फक्त नारळावर, आणि तोही फोडून पाहिल्यावर. दूधवाल्याचं माप ते दोनदा बघत. देवळातल्या पुजाऱ्याने प्रसाद दिला तरी आधी वास घेत. आणि आता पोटचा पोरगा सहा वर्षांनी कॅनडाहून येत होता, तो बापाला सोडून ड्रायव्हरशी बेत ठरवत होता. घर पश्चिमेला, तारापूरच्या बाजूला, समुद्राजवळ. आणि हा निघाला पूर्वेला, वाड्याला. तात्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली आणि चुकचुकतच राहिली.

कारण वाड्याला रामकिसन होता. जमिनीचा दलाल. पूर्वी बोईसरला बसायचा, हल्ली त्याने वाड्याला नवं ऑफिस थाटलं होतं. दिवाळीत तो तात्यांच्या ओट्यावर येऊन बसला होता. नारळ, केळी, पानवेल, सगळ्या वाडीवरून नजर फिरवून म्हणाला होता, "तुम्ही नाही म्हणा, तात्या. केदारशेठशी आमचं फोनवर बोलणं झालंय." तात्यांनी त्याला चहासुद्धा विचारला नव्हता. तेव्हापासून झोपेत कूस बदलली तरी त्यांना रामकिसनचं ते हसू दिसे. वाडी गेली तर आपण काय, पारावर बसून माश्या मारायच्या?

स्वयंपाकघरात माई उकडहंडीसाठी कोनफळं आणि शेंगा निवडत होत्या.

"केदारला फोन लावतो आन् इचारतोच," तात्या म्हणाले. "वाड्याला काय काम हाय त्याचं?"

माईंनी हातातली शेंग खाली टाकली. "काय अभद्र बोलता? तो वाटंत असंल आता. निघालेल्या माणसाला टोकू नये. कुठं जातो, कशाला जातो, असं इचारायचं नसतं, म्हाईत नाय का तुमाला? समुद्र ओलांडून येणार हाय तो."

तात्यांना माहीत होतं. त्यांच्या आजीने आजोबांना कधी बाजारात निघतानाही 'कुठं' म्हणून विचारलं नव्हतं. घराण्याची रीतच ती. बोटीवर जाणारा असो की एसटीने जाणारा, पाठमोऱ्या माणसाला हटकायचं नाही. तेव्हा त्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली. पण धोतर बदललं, टोपी घातली, आणि रूपेशच्या शेजारी गाडीत जाऊन बसले.

"मी येतोय," ते म्हणाले. एवढं सांगायला कुठल्या रीतीची आडकाठी नव्हती.

*

विमानतळाच्या दारातून केदार बाहेर आला तेव्हा तात्यांनी त्याला आधी ओळखलंच नाही. दाढी वाढलेली, डोळे लाल. एक ढकलगाडी त्याच्या हातात आणि दुसरी ढकलणारा हमाल मागे. त्याने वडिलांना पाहिलं आणि त्याचे पाय जरासे थबकले. आनंद झाला असता तर माणूस असा थबकत नाही, हे तात्यांनी तिथल्या तिथे मनात टिपून ठेवलं.

"तात्या? तुम्ही कशाला आलात एवढ्या लांब?"

"का? येऊ नये?"

केदार वाकून पाया पडला. तात्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. शर्टाखाली हाडं लागली, आणि क्षणभर त्यांना बाकी सगळं विसरल्यासारखं झालं. मग त्यांनी सामान पाहिलं. तीन मोठ्या बॅगा, एक गुंडाळी, आणि चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून दोरीने आवळलेलं एक खोकं. खोकं केदारने टपावर चढवू दिलं नाही.

"हे मागे ठेव, रूपेश. जपून."

"काय हाय त्यात?" तात्यांनी विचारलं. आता माणूस जमिनीवर उतरलेला होता, विचारायला हरकत नव्हती.

"काही नाही. सामान."

कागद असणार, तात्यांनी ठरवलं. सह्यांचे कागद.

गाडी भिवंडीच्या गोदामांमधून, कंटेनरच्या रांगांमधून वाट काढत निघाली. केदार मागे बसला होता. तो झोपतही नव्हता आणि बोलतही नव्हता. माईची चौकशी त्याने दोनदा केली, पानवेलीला यंदा रोग पडला का ते विचारलं. तिकडचं मात्र काही नाही. ना थंडीचं, ना बर्फाचं, ना नव्या घराचं. तात्यांनी दोन-तीनदा खडा टाकून पाहिला.

"घराचं कसं काय? सामानसुमान लावलं?"

"बरंय."

घर! त्या घरावरून तात्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. मारुतीच्या देवळात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, गावातल्या विश्रामच्या नातवाच्या बारशाला, जिथे चार माणसं भेटली तिथे त्यांनी सांगितलं होतं की केदार तिकडे घर घेतोय. ते घर विकत घेणं जड झालं असेल, म्हणून आता वाडीवर डोळा. सगळं कसं नीट जुळत होतं.

वाड्याच्या नाक्यावर केदार पुढे वाकला.

"रूपेश, इथे थांब पाच-दहा मिनिटं."

तात्यांनी समोर पाहिलं. रस्त्यापलीकडे दोन मजली इमारत होती आणि वरच्या मजल्यावर लाल अक्षरांत पाटी होती : रामकिसन इस्टेट. एवढा वेळ संशय होता, तो निदान खोटा ठरण्याची आशा होती. आता आशाही संपली.

"मी आलोच, तात्या. तुम्ही बसा गाडीत."

केदार रस्ता ओलांडून गेला. रूपेश चहा प्यायला उतरला. तात्या खाली उतरले, गाडीचं मागचं दार उघडलं आणि खिशातल्या पानं खुडायच्या नखीने खोक्याची दोरी आणि चिकटपट्टी कापली. पोराच्या सामानाला चोरून हात लावण्याची वेळ यावी, याची त्यांना लाज वाटत होती. पण वाडी त्यांची होती, आणि कागद हाती लागले असते तर तिथेच फाडून टाकायची त्यांची तयारी होती.

खोक्यात कागद नव्हते. वर एक जाडजूड कोट होता. त्याखाली कुकर. कुकरच्या काळ्या मुठीवर माईंनी ओळखीसाठी बांधलेली लाल चिंधी तशीच होती. केदार जाताना त्यांनीच तो बॅगेत कोंबला होता. कुकरच्या शेजारी पायजम्यात गुंडाळलेली दोन ताटं. लाटणं. न्हाणीघरात घालायच्या झिजलेल्या रबरी चपला. आणि प्लॅस्टिकच्या तीन पिशव्यांत बांधलेली, अर्धी संपलेली लोणच्याची बरणी.

तात्या बरणी हातात घेऊन उभे राहिले. रजेवर येणारा माणूस कुकर घेऊन येत नाही. रजेवर येणारा माणूस अर्धं लोणचं फडताळात ठेवून येतो, परत जाऊन खायला. ज्याला परत जायचं नसतं तोच असं सगळं बांधतो.

त्यांनी मान वर केली. रामकिसनच्या ऑफिसकडे जाणारा जिना रिकामा होता. खाली तळमजल्यावर सलून होतं, आणि उघड्या दारातून केदार दिसत होता. खुर्चीत मान मागे टाकून, डोळे मिटून बसलेला. न्हावी त्याच्या गालाला फेस लावत होता. आईसमोर बऱ्या तोंडाने जावं म्हणून पोरगा दाढी करायला थांबला होता.

आणि मग तात्यांना तो अंधारही कळला. एवढा लांबचा फेरा, मध्ये थांबणं, घाई नको म्हणणं. दिवेलागणीला गावातली माणसं ओट्यांवर, पारावर बसलेली असतात. टपावर एवढं सामान घेऊन त्यांच्यासमोरून जायचं नव्हतं त्याला. सगळी आत गेली की चोरासारखं घरात शिरायचं होतं.

त्यांनी बरणी होती तशी ठेवली, दोरीची टोकं कशीबशी बांधली आणि येऊन आपल्या जागेवर बसले. दिवसभर मनात जे जे बोलून घेतलं होतं ते आठवून त्यांना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

*

मनोरला हायवेच्या कडेला हॉटेलात ते बसले. सूर्य अजून बराच वर होता. चिल्हार फाट्यावर ट्रकांची गर्दी असते, तेव्हा मासवणच्या रस्त्याने पालघर गाठू, दिवस मावळायच्या आत घरी, असं रूपेश म्हणाला आणि केदार चुळबुळला.

"थोडं ऊन उतरू दे की," तो म्हणाला. गुळगुळीत दाढी केल्यावर त्याचा चेहरा आणखीच उतरलेला दिसत होता.

"हां. उतरू दे," तात्या म्हणाले. त्यांनी आणखी एक प्लेट भजी मागवली. खाल्ली कुणीच नाहीत. थोड्या वेळाने ते रूपेशला म्हणाले, "सगळ्या टायरात हवा बघून घे," आणि तो गेला. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की वेळ आपणही काढतोय. पोराला सांभाळून घ्यायला म्हणावं, तर तेवढंच नव्हतं. विश्रामचं तोंड डोळ्यांसमोर येत होतं. सोसायटीतले चारजण दिसत होते. अंधार त्यांनाही हवा होता.

"कधी सुटली?" त्यांनी विचारलं.

केदारने वर पाहिलं. काय सुटली, हे त्याने विचारलं नाही.

"ऑगस्टमध्ये. कंपनीने निम्मी माणसं काढली. मग दुसरी मिळायच्या आत कामाच्या परवान्याची मुदत संपली."

"ऑगस्ट. आन् आमाला आता कळतंय."

"सांगणार होतो, तात्या. गणपतीत फोन केला तेव्हा सांगायचंच होतं. तर तुम्ही म्हणालात, सगळ्या गावाला घराचं सांगितलंय." तो टेबलावरचं पाणी बोटाने पुसत राहिला. "मी तुम्हाला म्हटलं होतं, दुसरं घर घेतोय, भाड्याने. तुम्ही लोकांना विकत घेतोय म्हणून सांगितलंत. मग मला तोंड उघडताच येईना."

तात्यांना भाड्याचं पक्कं आठवत होतं. देवळात सांगताना तेवढा एक शब्द त्यांनी गाळला होता, आणि पुढे तसंच सांगायची सवय झाली.

"तो रामकिसन सारखा फोन करायचा," केदार म्हणाला. "वाडी काढून टाका, तिकडेच सेटल व्हा. मग मी त्याचा फोन घेणंच बंद केलं."

भजीची प्लेट तात्यांनी बाजूला सारली.

"तू कुणाची चोरी केलीस?"

"नाही."

"कुणाला फसवलंस?"

"तात्या, काय विचारताय?"

"मग ऊठ. आताच निघायचं."

"अजून उजेड आहे."

"म्हाईत हाय मला," तात्या म्हणाले. त्यांनी रूपेशला हाक मारली आणि माईंना फोन लावून सांगितलं की उकडहंडी आत्ताच चुलीवर चढव, आमी येतोय.

मासवण गेलं, पालघर गेलं, कोळगावच्या सरकारी इमारतींची सावली रस्त्यावर लांब पसरली होती. बोईसरला कारखान्यांची पाळी सुटून कामगारांच्या सायकली रस्त्यात आल्या आणि रूपेशला हिंदीत शिव्या घालायला भरपूर वाव मिळाला. केदार खिडकीला डोकं टेकून बसला होता. गावाची कमान दिसली तेव्हा ऊन केळीच्या शेंड्यांवर होतं. पारावर सात-आठ माणसं बसलेली होती.

"काचा खाली कर," तात्या म्हणाले. "दोन्ही बाजूच्या. आन् हळू घे."

विश्राम पारावरून उतरून गाडीपाशी आला. आधी त्याने टपावर पाहिलं, मग आत.

"आला काय केदार! किती दिसांची रजा?"

मागे केदारने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तात्यांनी त्याला बोलू दिलं नाही.

"रजा नाय. नोकरी गेली त्याची. तिकडं घरबीर काय घेतलेलं नव्हतं, ते मीच फुगवून सांगितलं."

विश्राम दारावर हात ठेवून उभा राहिला आणि शेवटी म्हणाला, "अरेरे. वाईट झालं, तात्या."

"वाईट कशापायी? माझा पोरगा घरी आलाय."

गाडी पुढे निघाली. पुढच्या वळणावर आनंदीबाईंच्या अंगणात बायका उभ्या होत्या आणि सगळ्या टपाकडे बघत होत्या. तात्यांनी टोपी नीट केली.

"हितं पण थांब," ते रूपेशला म्हणाले.