शेवटच्या घराचं पाणी

निवडून येऊन आठ महिने झाले, तरी म्हाळसाबाईंनी सभागृहात एकच शब्द उच्चारला होता, तो म्हणजे ‘मंजूर’. पडेगावच्या पुढं, दौलताबाद रस्त्याच्या कडेला टेंभळवाडी नावाची छोटी नगरपंचायत आहे. तिथल्या वॉर्ड सहाच्या त्या नगरसेविका. विषय वाचला जाई, बाकीचे हात वर करत, बाईही करत. पदर सावरायला हात तसाही वर जायचाच, मग हरकत काय!

हरकत कळली गेल्या महिन्यात. ‘वॉर्ड सहामध्ये सर्वत्र नियमित पाणी’ असा अहवाल आला आणि बाईंनी तोही मंजूर केला. घरी येऊन बघतात, तर वस्तीवरच्या बायका रिकामे हंडे घेऊन दारात उभ्या.

“वैनी, तुमच्या सहीनं आमाला पानी आलंय म्हनं. कुठंय?” बांधापलीकडं राहणाऱ्या बिभीषणच्या बायकोनं विचारलं.

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांच्या स्वतःच्या नळाला तरी कुठं पाणी होतं! एवढे शिकलेले साहेब लिहितात म्हणजे आपलंच काही चुकत असेल, असं त्यांना वाटलं होतं. येत्या सोमवारी या महिन्याचा तसाच अहवाल पुन्हा येणार होता, आणि सभेत ‘मंजूर’शिवाय काही बोलायची बाईंना सवयच नव्हती.

अशात नगरसेवकांच्या प्रशिक्षणाचं पत्र आलं. पालिकेच्या कामावर नजर कशी ठेवायची, प्रश्न कसे विचारायचे, हे शहरात गुलमंडीजवळच्या एका हॉलमध्ये दोन दिवस शिकवणार होते. बाई निघाल्या, आणि अर्थातच त्यांचे यजमान त्रिंबकरावही काखेत फाइल मारून निघाले. गावात लोक त्यांनाच ‘नगरसेवक’ म्हणत आणि त्रिंबकरावांनी ती चूक कधी दुरुस्त केली नव्हती.

शिकवणाऱ्या योगिनी मॅडम अंगानं बारीक, पण आवाज खणखणीत. त्यांनी हॉलभर नजर फिरवली. “ज्यांना लोकांनी निवडून दिलंय, तेवढेच आत थांबा. बाकीच्यांसाठी खाली चहा-भजी सांगितलीत.”

चौदा नवरे उठले. त्रिंबकराव मात्र दारात अडले. “मॅडम, तिला यातलं काय बी कळत नाय हो.”

“मग शिकायला तीच पाहिजे की!” मॅडम म्हणाल्या. बायकांमध्ये जी खसखस पिकली, ती त्रिंबकरावांना जिना उतरेपर्यंत ऐकू येत होती.

दुपारी लुटूपुटूची सभा भरली. मॅडमच अधिकारी झाल्या. “आमच्याकडं सगळीकडं पाणी येतं. विचारा प्रश्न!”

“खरंच येतं का?” एका नगरसेवकानं विचारलं.

“येतं.”

“नक्की?”

“अगदी नक्की.”

समाधान झाल्यासारखा तो खाली बसला. म्हाळसाबाईंना मात्र हसू आवरेना. मॅडमनी कारण विचारलं, तशी त्यांची भीड जराशी चेपली.

“असं इचारल्यावर कोनबी ‘येतं’च म्हननार. आमचे दीर सांजच्याला मेंढरं वाड्यात घालत्यात. ‘समदी आली का?’ म्हनलं की ‘आली’ म्हनून मोकळे! म्हनून म्या तसं इचारतच नाय. ‘लंगडी कुठंय?’ म्हनते. लंगडी मेंढी समद्यांच्या मागं ऱ्हाती. ती दिसली म्हंजी समदी आली.”

मॅडमनी हातातला खडू खाली ठेवला. “बाई, मग मला तेच विचारा.”

म्हाळसाबाई उठल्या. “साहेब, आमच्या वॉर्डातल्या शेवटच्या घराला पानी कोनच्या दिवशी आलं?”

सकाळपासून फटाफट उत्तरं देणाऱ्या मॅडमनीच पहिली टाळी वाजवली. बाईंना इतका आनंद झाला, की मंगळसूत्राशी चाळा करत त्या कितीतरी वेळ उभ्याच राहिल्या. त्यानंतर दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत हॉलमध्ये दुसरं काही चाललंच नाही. शेवटचा दिवा, शेवटची गटार, शाळेतला शेवटचा नळ, जो तो लंगडीच शोधायला लागला. घरी आल्यावर बाईंनी ही गंमत वस्तीवरच्या बायकांनाही सांगितली.

सोमवारी अहवाल वाचला गेला. सगळे हात वर गेले, म्हाळसाबाईंचा मांडीवरच राहिला.

“म्हाळसाबाई, मंजूर ना?” अध्यक्षांनी विचारलं.

“नाय,” बाई म्हणाल्या. त्या उठून उभ्या राहिल्या. “आधी सांगा, शेवटच्या घराला पानी कवा आलं?”

पाणीपुरवठ्याच्या साहेबांनी कागद उलटेपालटे केले. “बघून सांगतो.”

“म्या बी येते बघायला. चला!”

अध्यक्षांना हसू फुटलं आणि अहवाल बाजूला ठेवला गेला. बाई साहेबांना घेऊन पाइपच्या कडेकडेनं चालत गेल्या, तर रस्त्याच्या कामात मुरमाखाली गाडला गेलेला एक व्हॉल्व्ह सापडला. तो तेव्हापासून बंदच होता.

गुरुवारी सकाळी तो उघडला. म्हाळसाबाईंच्या अंगणातला नळ आधी खोकला, मग तांबडं पाणी थुंकला आणि मग धो धो वाहू लागला. त्रिंबकरावांनी घाईघाईनं हंडा लावला, पण बाईंनी नळच बंद केला.

“अगं, काय करती?”

“आपलं घर शेवटचं नाय. बिभीषणचं हाय. थांबा जरा.”

सगळी वस्ती कान देऊन उभी राहिली. मग बांधापलीकडच्या पत्र्याच्या घरातून बिभीषणच्या बायकोची आरोळी आली, “वैनी! आली ओ, लंगडी आली!”

हसण्याचा असा गलका उठला की बाईंच्या डोळ्यांना पाणी आलं. सगळं तिथंच टाकून त्या बांधाकडं पळाल्या.

तेवढ्यात पालिकेचा शिपाई कागद घेऊन आला. “नगरसेवक साहेब, पाणी आल्याची सही पाहिजे.”

त्रिंबकरावांचा हात सवयीनं खिशातल्या पेनाकडं गेला आणि तिथंच थांबला.

“म्या नव्हं नगरसेवक,” ते म्हणाले. “त्या तिकडं हायत, शेवटच्या घरी.”