बटणांचा डबा

गोळ्यांचं पाकीट शिवणयंत्राच्या खणात नव्हतं.

सुनेने खण पुरता बाहेर ओढला. बॉबिन, तुटक्या सुया, खडूचे तुकडे, तेलाची कुपी, सगळं जागच्या जागी होतं. फक्त पाकीट नव्हतं. काल संध्याकाळी डॉक्टरीणबाईंकडून आल्यावर तिने ते इथेच ठेवलं होतं. वरच्या खोलीत ठेवलं तर विसरायला होतं, आणि यंत्रावर बसलं की हात आपोआप खणात जातो, म्हणून.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. रस्त्याकडे काच, काचेत एक बिनडोक्याचा पुतळा, आत दोन शिवणयंत्रं, कडा शिवायचं एक ओव्हरलॉक आणि भिंतीला लागून कापायचं लांब टेबल. टेबलापाशी सासूबाई पाठ करून उभ्या होत्या. कात्री चालत होती, पण रोजच्यासारखी सलग नाही. थोडी चालायची, थांबायची.

"आई, इथलं पाकीट पाहिलंत?"

"कसलं?"

"गोळ्यांचं. पांढरं."

"आधी चिमटा कुठे आहे ते सांग. ओव्हरलॉकचा दोरा ओवायचा चिमटा रोज सकाळी गायब. पाय फुटतात का त्याला?"

चिमटा वर न्हाणीघरात आरशापाशी होता. हे ती सांगणार नव्हती.

"चिमटा आणून देते. पाकीट कुठे आहे?"

सासूबाईंनी कात्री खाली ठेवली, पण वळल्या नाहीत. "आहे. पण देणार नाही."

सून उभीच राहिली. हसावं की रडावं ते तिला कळेना.

लग्नाला चार वर्षं झाली होती. तिची पाळी म्हणजे लहरी पाहुणा. येईल तेव्हा येईल, आला की मुक्काम हलवणार नाही, आणि गेला की महिनोन्महिने पत्ता नाही. डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीच्या पडद्यावर बोट ठेवून दाखवलं होतं. अंडाशयात बीजं धरतात, पण पिकून सुटत नाहीत, तिथेच बारीक बारीक राहतात. पीसीओएस म्हणतात याला. घरी येऊन हे सांगितलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "आजाराला धड नाव नाही, नुसती अक्षरं. अशाने कोण घाबरणार?"

आता काल ठरलं होतं ते असं. आजपासून या गोळ्या घ्यायच्या, म्हणजे पाळी येईल. ती आली की बीज पिकवायची दुसरी गोळी, मग तपासणी, मग ते मोजके दिवस. पुढच्या महिन्याच्या अखेरीस नवरा जहाजावर जाणार होता. जहाजावर तो स्वयंपाकी. एकदा गेला की पोरगं रांगायला लागेल इतक्या काळाने परत येणार. आज गोळी सुरू झाली तर हिशेब कसाबसा जुळत होता. दोन दिवस इकडचे तिकडे झाले तर तो बंदरावर असणार आणि ती तपासणीच्या टेबलावर.

"आई, आजची गोळी आजच घ्यायची आहे. द्या बघू."

"मी औषधवाल्याला विचारलं. म्हणाला, पाळी आणायची गोळी आहे. उद्या पोटात काही असलं तर? माझ्या डोळ्यांदेखत गिळशील आणि मी बघत बसू?"

"पोटात काही नाही."

सासूबाई आता वळल्या. "मी काय डोळे मिटून सुया ओवल्या इतकी वर्षं? तुझ्या निळ्या कुडत्याची बाजूची शिवण तू उसवलीस. करड्याचीही. आतला सगळा दाब सोडलास." शिवणीच्या आत जे जादा कापड राखून ठेवतात त्याला त्या दाब म्हणत. "बाई दाब कधी सोडते ते मला विचार. गावभरच्या गरोदर बायका याच टेबलापुढे उभ्या राहिल्यात."

"बाई जाड झाली तरी सोडते."

"जाड व्हायला खातेस काय तू? चिमणीच्या चोचीएवढं."

हे वाक्य सुनेला जिथे लागायचं तिथे लागलं. चिमणीच्या चोचीएवढं खाऊन, रोज पुलापर्यंत चालून जाऊन येऊनही कपडे दाटत होते. पण ते आता बोलायची वेळ नव्हती. तेवढ्यात तिची नजर टेबलावर गेली. पांढरं मऊ कापड. कापून बाजूला ठेवलेला एक तुकडा, तळहाताहून थोडाच मोठा, त्याला अर्धगोल गळा.

"हे काय कापताय?"

सासूबाईंनी तुकड्यावर हात ठेवला. उशीर झाला होता. झबलं होतं ते.

"आई."

"झालं ना कापून आता. ताईलाही सांगितलं मी काल."

ताई म्हणजे नणंद. तिला सांगितलं म्हणजे चार घरांना सांगितलं.

"मला न विचारता?"

"तुला विचारलं असतं तर नाहीच म्हणाली असतीस. तू तपासलंस का? त्या कांडीवर?"

सुनेने खण परत आत ढकलला.

"बोल की. डॉक्टरीण म्हणाली असेलच, आधी तपासा म्हणून."

म्हणाली होती. घरी गरोदरपणाची चाचणी करा, एकच रेघ आली, म्हणजे पोटात काही नसलं, तरच गोळी सुरू करा. सुनेने मान डोलावली होती आणि कांडी वरच्या कपाटात तशीच होती. तिने अशा किती कांड्या हातात धरल्या होत्या. दर वेळी एकच रेघ. येणार ती एकच, मग सकाळी सकाळी तोंड कडू कशाला करून घ्यायचं, म्हणून या खेपेला तिने कांडीला हातच लावला नव्हता. नवऱ्याला मात्र सांगितलं होतं, केली म्हणून.

"नाही ना केलीस," सासूबाई म्हणाल्या. आवाजात जिंकल्याची खूण नव्हती. उलट त्या घाबरल्यासारख्या दिसल्या. "मग? उगाच अडवलं का मी?"

सून जिन्याकडे निघाली, तोच काचेचं दार ढकलून बँकेतली बाई आत आली. तिचा लांब झगा तयार होता, खालची दुमड तेवढी राहिली होती. कामावर जाता जाता ती अंगावर घालून बघणार होती.

"चिमटा घेऊन ये येताना," सासूबाई मोठ्याने म्हणाल्या, जणू दुसरं काही बोलणं झालंच नव्हतं.

वर जाऊन सुनेने जे करायचं ते केलं. कांडी उलटी धरून रुमालात गुंडाळली आणि खिशात टाकली. तिथे एकटीने बसून वाट बघणं तिला जमेना. ती चिमटा घेऊन खाली आली.

बँकेतली बाई चौरंगावर उभी होती. सासूबाई तिच्या पायाशी गुडघ्यांवर बसून झग्याची दुमड धरत होत्या. ओठांत टाचण्या होत्या. दुमड धरायला बसल्या की त्यांचं तोंड बंद व्हायचं. एरवी बंद होणं कठीण.

"या सूनबाई," बँकेतली बाई म्हणाली. "चेहरा भरलाय हो. काही गोड बातमी वगैरे?"

"तुम्ही सरळ उभ्या राहा, दुमड तिरकी जाते," सून म्हणाली.

"लपवा लपवा. आम्हाला काय, पोट काही लपत नाही."

सासूबाईंनी तोंडातल्या टाचण्यांतून हुंकार दिला. तो हो म्हणून होता की गप्प बसा म्हणून, कुणालाच कळलं नसतं.

सून यंत्रापाशी गेली आणि ओव्हरलॉकचा दोरा चिमट्याने ओवायला लागली. दोरा दोनदा सुटला. खिशातली कांडी मांडीला टोचत होती. तिला स्वतःचाच राग येत होता. सकाळी उठली तेव्हा पोटात काही नाही याची तिला पक्की खात्री होती. आता नव्हती. सासूबाईंनी इतक्या ठामपणे सांगितलं होतं, पांढऱ्या कापडाला गळाही पाडला होता. न जाणो, असेल. पाळी तर किती दिवस आली नाही. गोळी घेतली असती आणि काही असलं असतं तर? हा विचार येताच दोरा तिसऱ्यांदा सुटला. आणि त्याच्या मागोमाग दुसरा विचार आला, तो पहिल्याहून वाईट होता, कारण तो गोड होता. नवऱ्याला आज दुपारीच सांगता येईल. तो जहाजाच्या वैद्यकीय तपासणीला गेला होता. छाती ठोकून बघत असतील तेव्हा फोन वाजेल.

कपडे बदलायच्या जागी पडदा होता. ती पडद्याआड गेली, रुमाल उलगडला.

एक रेघ.

तिने कांडी उजेडाकडे धरली, तिरकी केली, डोळे बारीक केले. दुसऱ्या रेघेच्या जागी काही नव्हतं. सावलीसुद्धा नाही.

ती पडदा सारून बाहेर आली. सासूबाईंनी खालून वर पाहिलं. ओठांत टाचण्या, त्यामुळे विचारता येईना. नुसत्या भुवया वर गेल्या. सुनेने मान हलवली. नाही.

सासूबाईंनी पुढची टाचणी काढली आणि खोचली. मग आणखी एक.

"अहो, टोचलं," बँकेतली बाई म्हणाली.

दुमड एका बाजूला बोटभर वर गेली होती. सासूबाईंनी सगळ्या टाचण्या काढल्या आणि पहिल्यापासून लावायला घेतल्या. इतक्या वर्षांत सुनेने त्यांना दुमड दुसऱ्यांदा धरताना पाहिलं नव्हतं.

बाई झगा ठेवून गेली. सासूबाईंनी पांढरा तुकडा उचलला, घडी घालायला गेल्या, पण घडी घालण्याएवढा तो नव्हताच.

"मग ती शिवण का उसवलीस गं?"

"माप घ्या माझं."

"काय?"

"लग्नात घेतलं होतंत. त्यानंतर अंदाजानेच कापता. आज घ्या."

ती चौरंगावर चढली नाही, नुसती समोर उभी राहिली. सासूबाईंनी गळ्यातली फीत काढली. आधी कंबर. मग, हात सवयीने जातो तसा, दंड. तिथे त्या थांबल्या. फीत पुन्हा नीट बसवली, पुन्हा पाहिलं. मनगट तेच होतं, दंड वाढला होता. खांदेही भरले होते. गळ्याचं माप घ्यायला त्यांनी केस बाजूला केले, तर मानेमागची कातडी काळवंडलेली, घासून न निघणाऱ्या डागासारखी.

"हे कधीपासून?"

"बरेच दिवस. कॉलरचे कपडे घालते ना, म्हणून दिसत नाही. ही त्या नुसत्या अक्षरांचीच कामं. मूल राहिलं तर दंड कशाला वाढेल, आई?"

फीत हनुवटीजवळून काढताना सासूबाईंचं बोट लागलं. तिथे केसांचे बारीक खुंट होते, घाईत राहून गेलेले. त्यांनी हात मागे घेतला, ओव्हरलॉकवरच्या चिमट्याकडे पाहिलं, मग सुनेकडे.

"रोज?"

"रोज."

"आणि मी सगळ्या गिऱ्हाइकांसमोर त्याच्या नावाने बोंब मारते."

"पाय फुटतात त्याला," सून म्हणाली. हसायला गेली, पण ओठ नीट वळले नाहीत.

सासूबाईंनी कपाटाच्या वरच्या फळीवरून बटणांचा डबा काढला. जुन्या कपड्यांची काढून ठेवलेली बटणं, कधी ना कधी लागतील म्हणून साठवलेली. त्यांनी कोपरापर्यंत हात घातला. बटणं खळखळली, चार-दोन जमिनीवर पळाली. तळातून पाकीट वर आलं. त्यांनी ते पदराने पुसलं आणि पाण्याचा पेलाही स्वतःच भरून दिला.

सून गोळी तळहातावर घेऊन उभी होती, तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. ताईचा होता. सुनेने हात पुढे केला. सासूबाईंनी आधीच उचलला.

"बोल. नाही गं. काही नाही अजून, घाई झाली माझी... तिला देत नाही फोन, ती औषध घेतेय... कसलं म्हणजे? तिचं. आणि हे बघ, ज्यांना ज्यांना सांगितलं असशील त्यांना तूच परत फोन करायचा. माझं नाव सांगून. म्हातारी चुकली म्हणायचं, सून नाही." पलीकडून काही बोलणं आलं. "नंतर बोल. दुकानात माणूस आहे."

दुकानात कुणी नव्हतं. सुनेने गोळी गिळली. कडू नव्हती, कसलीच चव नव्हती. पुढे काय होईल ते या गोळीला ठाऊक नव्हतं आणि डॉक्टरीणबाईंनाही नव्हतं. एवढंच, की आजची तारीख हातची गेली नव्हती.

सासूबाईंनी गठ्ठ्यातून एक हिरवं कापड ओढलं, टेबलावर पसरलं, हाताने सुरकुत्या काढल्या. पांढरा तुकडा त्यांनी कुठे ठेवला ते सुनेने पाहिलं नाही, विचारलंही नाही.

"उसवलेलं घालून फिरायचं नाही. नवीन शिवते. कॉलर लावू?"

सुनेने क्षणभर मानेवर हात ठेवला. "नको. उकडतं."

"दाब किती ठेवू?"

असं त्यांनी आजवर कुणालाच विचारलं नव्हतं. दाब किती ठेवायचा ते त्याच ठरवत.

"भरपूर ठेवा," सून म्हणाली आणि जमिनीवरची बटणं वेचायला खाली बसली.