मागचं आपोआप सरकतं

मी शिकवतो ते शिकवणं नव्हे, पालथ्या घड्यावर पाणी ओतणं आहे, असं मी घरी रोज सांगायचो. वाचनालयाच्या मागच्या खोलीत आठ कॉम्प्युटर, त्यातले सहा चालू, आणि समोर साठी ओलांडलेली मंडळी. एक निवृत्त बसड्रायव्हर माउस उचलून हवेत फिरवायचा आणि बाण हलत नाही म्हणून माझ्यावरच डाफरायचा. एक शिंपीणकाकू 'फाइल उघडा' म्हटलं की पिशवीतली कागदांची फाइल काढून टेबलावर उघडून ठेवायच्या. मी मुळातला तापट. एकच गोष्ट सोळा वेळा सांगायची वेळ आली की माझा आवाज चढतो. तरी ही माणसं यायची, कारण घरी त्यांना शिकवायला कुणाला वेळ नव्हता, आणि मी चिडत असलो तरी निदान शेजारी बसून चिडत होतो.

या वर्गात एक दिवस टायपिस्टबाई आल्या. बत्तीस वर्षं कोर्टात जबान्या आणि निकाल टाइप केलेल्या, बारीक चणीच्या, बोटं मात्र लांब. मी त्यांना जुन्या टाइपरायटरच्याच रचनेचा कळफलक लावून दिला आणि समोर एक छापील पान ठेवलं. बाईंनी नजर पानावर लावली ती शेवटच्या ओळीपर्यंत हलवली नाही. स्क्रीनकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. पान संपलं तेव्हा मी शोधून शोधून थकलो, एक चूक सापडली नाही.

"बघा," मी वर्गाला म्हणालो. "याला म्हणतात टायपिंग. बोटांवर भरवसा असला की बघावं लागत नाही."

बाई जरा लाजल्या. "साहेब बोलत जायचे, आम्ही लिहीत जायचो," त्या म्हणाल्या. "काय उमटलं ते बघत बसलं तर पुढचं वाक्य निसटायचं. म्हणून बघायचंच नाही, अशी सवय."

त्या दिवशी मी सगळ्यांना त्यांचा कित्ता गिरवायला सांगितला. ते आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

चौथ्या दिवशी वर्ग सुटल्यावर बाई थांबल्या. बाकीचे गेल्याची खात्री करून म्हणाल्या, "सर, मला सगळं शिकायचं नाहीये. एक फाइल उघडायची, तिच्या मधोमध नऊ पानं घालायची आणि बंद करायची. एवढंच शिकवा."

ती फाइल त्यांच्या यजमानांची होती. यजमान जमीन मोजणी खात्यात होते आणि तीन महिन्यांपूर्वी गेले होते. निवृत्तीनंतर त्यांनी आपल्या आठवणी लिहायला घेतल्या. आधी लांब कागदांवर हाताने पाच प्रकरणं लिहिली, मग कॉम्प्युटर घेऊन दोन बोटांनी टाइप करत बसले. टाइप झालं की कागद फाडून टाकायचे. एकाच जमिनीचे दोन उतारे घरात नकोत, असं म्हणायचे. चार प्रकरणं अशी झाली आणि दुखणं आलं. तेव्हा त्यांनी पाचवं तसंच ठेवलं आणि सहावं, जे कागदावर कधी उतरलंच नव्हतं, ते थेट मशीनवर लिहून काढलं.

"वेळ कमी आहे, आधी महत्त्वाचं उरकतो, म्हणाले. मला सांगितलं, पाचवं तू टाइप कर, मधे घाल, मग सगळं सलग वाच."

"सहाव्यात आहे तरी काय?" मी विचारलं. नसत्या चौकशा करायची मला खोडच आहे.

"आमची मुलगी," बाई म्हणाल्या.

मग त्यांनी सगळं सांगितलं, जबानी वाचून दाखवावी तसं, कुठेही न अडखळता. मुलगी पाच वर्षांची होती. सकाळी अंग तापलं. डॉक्टर म्हणाले, साधा ताप आहे, हे औषध द्या. यजमान म्हणाले, आज तू रजा घे. बाई म्हणाल्या, आज मोठा निकाल टाइप व्हायचाय, तुम्ही घ्या. त्यांचीही मोजणी ठरलेली. शेवटी पोरीला शेजारणीकडे ठेवून दोघंही कामावर गेले. निकाल लांबत गेला. चारला घरी यायच्या त्या बाई सातला आल्या. दुसऱ्या दिवशी मुलगी नव्हती.

"ह्यांनी मला एका शब्दाने काही विचारलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. एकतीस वर्षं आम्ही भाजी काय आणायची ते बोललो, नळ गळतोय ते बोललो. तेवढं सोडून सगळं."

"आणि तुम्ही?"

"मीही नाही विचारलं. काय उत्तर येईल ते माहीत नव्हतं ना."

"मग वाचा की आता. फाइल उघडा आणि शेवटी जा. त्याला कशाला शिकायला हवं?"

"आधी पाचवं घालते. ह्यांनी तसंच सांगितलंय." त्या पर्सची चेन उघडत आणि लावत राहिल्या. "आणि खरं सांगायचं तर भीती वाटते, सर. रोज दोन-अडीच पानंच टाइप करीन, म्हणजे चार दिवस लागतील. तेवढे दिवस तरी मिळतील."

"उद्या थोड्या लवकर या," एवढंच मी म्हणालो. 

दुसऱ्या दिवशी मी त्यांना वेगळं बसवून शिकवलं. एक जुनं पत्र उघडलं, दोन परिच्छेदांच्या मधे कर्सर कसा ठेवायचा ते दाखवलं. बाईंचा हात तिथेच थबकला.

"इथे टाइप केलं तर नंतरचं खोडलं नाही ना जाणार? आमच्या मशीनवर मधे जागा नसली की एकावर एक उमटायचं."

"नाही हो बाई. हा टाइपरायटर नाही. रांगेत मधे कुणी घुसलं की मागचे सरकतात ना, तसं. तुम्ही फक्त लिहीत जा, मागचं आपोआप सरकतं."

तीन वेळा करून घेतलं. तिन्ही वेळा मागचं सरकलं. मग सेव्ह करायला शिकवलं आणि बजावलं, की चार ओळी झाल्या की सेव्ह, पुन्हा चार ओळी, पुन्हा सेव्ह, आळस करायचा नाही. बाईंनी वहीत लिहून घेतलं. फाइलची दुसरी प्रत काढून ठेवणं माझ्या क्रमाने सातव्या धड्यात होतं आणि आम्ही पाचव्यावर होतो. क्रम सोडून शिकवायचं नाही, हा माझा हेका.

पुढचे चार दिवस त्या वर्गाला आल्या नाहीत. पाचव्या दिवशी दुपारी वाचनालयात त्यांचा फोन आला.

"सर, घरी येता का? सहावं सापडत नाहीये."

मी वैतागूनच निघालो. खाली सरकवायचं विसरल्या असतील, दुसरं काय, असं पुटपुटत तीन जिने चढलो. दोन खोल्यांचं घर. आतल्या खोलीत दोन खाटा, कपाटावर नकाशांच्या गुंडाळ्या आणि खिडकीशी कॉम्प्युटर. खुर्चीवर दोन उशा रचलेल्या, कारण यजमानांच्या उंचीला बेतलेली ती बाईंना बुटकी पडायची. शेजारी नऊ लांब कागद, टाइप झालेले, पालथे घालून ठेवलेले.

मी खुर्चीत बसलो आणि फाइलच्या शेवटी गेलो. पाचव्या प्रकरणाचं शेवटचं वाक्य होतं, पूर्णविराम होता, आणि त्याला चिकटून दीड ओळ होती:

ची चूक होती. हे मी कधी बोललो नाही, कारण बोलून ती परत येणार नव्हती.

त्यापुढे काही नव्हतं. मी वर गेलो, खाली आलो, पुन्हा वर गेलो. मग नवीन कोरं पान उघडून दोन शब्द लिहिले आणि मधे एक अक्षर टाकलं. त्या अक्षराने शेजारचं अक्षर गिळलं.

कळफलकावर बॅकस्पेसच्या शेजारी इन्सर्ट नावाची कळ असते. जुन्या मशीनवर ती चुकून दाबली गेली, की नवं अक्षर मागच्याला सरकवत नाही, खाऊन टाकतं, आणि ती पुन्हा दाबेपर्यंत हे तसंच चालू राहतं. पहिल्याच पानावर कुठेतरी बाईंची करंगळी बॅकस्पेस शोधताना तिच्यावर पडली असणार. स्क्रीनकडे बघणाऱ्या माणसाला दुसऱ्याच शब्दाला ते दिसतं. बाईंची नजर कागदावर होती, आणि सहाव्याच्या भीतीने रोज फाइल उघडतानाही त्या आपण थांबलो तिथून पुढचं बघत नव्हत्या. एंटर दाबून परिच्छेद पाडायचे हे यजमानांना ठाऊकच नव्हतं, सगळं सहावं प्रकरण एका दमात, एकाच परिच्छेदात लिहिलेलं. त्यामुळे मधे अडवायलाही काही नव्हतं. पाचव्याचं एकेक अक्षर सहाव्याचं एकेक अक्षर खात गेलं, आणि नऊ पानं संपली तेव्हा सहाव्यातलं एवढंच उरलं. दर चार ओळींनी सेव्ह केलेलं.

मी हे त्यांना सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. त्या माझ्या मागे, खाटेच्या कडेला बसल्या होत्या.

"पण तुम्ही म्हणाला होतात, मागचं सरकतं."

"हो."

"मग मी काय चुकीचं केलं?"

"तुम्ही काही नाही केलंत. मी सांगायला हवं होतं. चूक माझी आहे, बाई."

"तुमची आहेच," त्या शांतपणे म्हणाल्या. "पण ह्यांनी लिहिलीय ती तुमची नव्हे."

त्या उठून जवळ आल्या आणि वाकून ती दीड ओळ वाचू लागल्या. पहिल्यांदाच मी त्यांना स्क्रीनकडे इतकं टक लावून बघताना पाहिलं. बोट काचेवर टेकवून त्या पहिल्या अक्षरापाशी थांबल्या.

"ची," त्या म्हणाल्या. "झी नाही."

मला आधी कळलं नाही.

"'माझी चूक होती' असं असतं तर 'झी' उरलं असतं. 'ची' उरलंय. म्हणजे 'माझी' नाही."

"अहो, 'ची' काहीही असू शकतं," मी घाईघाईने म्हणालो. "'आमची' असेल. 'दोघांची' असेल. 'डॉक्टरांची' असेल, त्यांनी साधा ताप म्हणून सोडलंच ना. 'शेजारणीची' असेल."

"'तिची' असेल," बाई म्हणाल्या. "माझ्याबद्दल लिहिताना हे 'ती'च लिहायचे."

"तुम्हाला वाईट तेवढंच का सुचतं? त्याच्याआधी 'दोघां' लिहून टाका आणि मोकळ्या व्हा. कोण बघतंय?"

मी ओरडलोच. चुकीच्या जागी चिडायची माझी जुनी खोड. बाईंनी काचेवरचं बोट काढलं आणि पदराने तिथला डाग पुसला.

"दुसऱ्याच्या जबानीत मी कधी शब्द घातला नाही, सर."

मग त्या पुन्हा खाटेवर बसल्या. थोड्या वेळाने स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "तीन महिने ते सगळं इथे होतं. धूळ पुसायला मी रोज यायचे. बसून वाचलं असतं तर अर्ध्या तासात झालं असतं." रडल्या असत्या तर मी निदान पाणी तरी आणून दिलं असतं. त्या रडल्या नाहीत.

मी मशीनमधली डिस्क काढून दुरुस्तीवाल्याकडे नेली. आठ दिवस त्याच्या डोक्यावर बसून होतो. शेवटी त्याने हात टेकले. "साहेब, कुणीतरी फार नेटाने सेव्ह केलंय हो," तो म्हणाला. "जुनं काही शिल्लक ठेवलं नाही." मी डिस्क बाईंच्या मशीनमध्ये परत बसवून दिली. त्यांनी दारापर्यंत येऊन माझे आभार मानले, आणि तेवढ्याने माझी मान वर होईना.

हल्ली मी पहिल्याच दिवशी पहिल्याच मिनिटाला इन्सर्टची कळ दाखवतो. ज्यांना अजून माउस धरता येत नाही त्यांना मी एका कळीबद्दल बजावत असतो. ती मंडळी माझ्याकडे आ वासून बघतात आणि विसरतात. बसड्रायव्हरने तर विचारलं, की सर, ही एवढी वाईट असेल तर उपटून का टाकत नाही? मी त्याच्यावर चिडलो नाही. दुसऱ्या दिवशी पेचकस आणला आणि सहाच्या सहा कळफलकांवरची ती कळ उचकटून काढली.

महिन्याभराने बाईंचा फोन आला. सकाळची वेळ होती, वर्ग भरायचा होता.

"सर, एक शंका होती. मशीनमध्ये असं होतं का, की माणसाने 'झी' लिहिलं आणि दिसताना 'ची' दिसलं? फॉन्टमुळे वगैरे? तुम्हाला यातलं कळतं म्हणून विचारते."

त्यांचा आवाज अगदी साधा होता, वर्गात विचारायच्या तसाच. एवढा प्रश्न विचारायला त्यांनी महिनाभर वाट पाहिली होती, आणि त्या महिन्यात ते एक अक्षर त्यांनी किती वेळा उघडून पाहिलं असेल, ते मला फोनवरही दिसत होतं.

"होतं," मी म्हणालो. "जुन्या मशीनवर होतं कधी कधी. जोरात टाइप केलं की अक्षर अर्धवट खाल्लं जातं. 'झी' तुटून 'ची' दिसू शकतं. मी पाहिलंय."



"तुम्ही भले आहात, सर," बाई म्हणाल्या. "पण टायपिंगमधलं खोटं मला सांगू नका."

एवढं बोलून त्या रडायला लागल्या. फोन त्यांनी ठेवला नाही आणि मलाही ठेवता येईना. वर्गातली माणसं एकेक करून आत येऊन बसली, आणि मी त्यांच्याकडे पाठ करून ते ऐकत उभा राहिलो.